स्वतःच्या डोमेनवर स्वतःचा मायक्रोब्लॉग: गोटूसोशल बसवण्याची सविस्तर कृती

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. मराठीतही लिहिता येणारं 'कू' बंद होत असल्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये झाली. तिन्ही वेळा लोकांचं लिहिलेलं, जोडलेली माणसं आणि ज्या नावाने ते ओळखले जात ते नाव, सगळं एकदम सुटलं. घर भाड्याचं असलं तरी चालतं, पण सातबारा आपल्या नावावर हवा. मायक्रोब्लॉगच्या बाबतीत सातबारा म्हणजे डोमेन (इंटरनेटवरचं आपलं नाव) आणि डेटाबेस (खातं आणि लेखन जिथे साठतं ती फाइल). या दोन गोष्टी हातात असल्या की सर्व्हर, कंपनी, अ‍ॅप, बाकी सगळं बदलता येतं. पुढची सगळी कृती या दोन गोष्टी सांभाळण्याभोवती आहे.

आपला सर्व्हर म्हणजे एकटं बेट नव्हे. ॲक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल आहे, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जानेवारी २०१८ मध्ये मान्य केलेला. ईमेलमध्ये जसं एका कंपनीचं खातं दुसऱ्या कंपनीच्या खात्याला पत्र पाठवतं, तसं या प्रोटोकॉलवर चालणारा कुठलाही सर्व्हर दुसऱ्याशी बोलतो. मॅस्टोडॉन या त्याच प्रोटोकॉलवरच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरवरचा माणूस तुमच्या घरच्या सर्व्हरवरच्या खात्याला फॉलो करू शकतो, उत्तर देऊ शकतो.

एका माणसासाठी मॅस्टोडॉन बसवू नका. त्याला पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक आणि रुबी हा सगळा संसार लागतो आणि २ जीबी मेमरीतही तो कण्हतो. गोटूसोशल हे त्याच प्रोटोकॉलवरचं सर्व्हर सॉफ्टवेअर म्हणजे एकच चालणारी फाइल आहे. सोबत एसक्यूलाइटचा एक डेटाबेस, बस्स. १ जीबी मेमरीत आरामात चालतं. दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. एक, त्यात पोस्ट लिहायचं स्वतःचं पान नाही. अँड्रॉइडवर टस्की, आयफोनवर फीडीटेक्स्ट, ब्राउझरमध्ये फॅनपी किंवा एल्क वापरायचं. दुसरी, २०२४ पासून ते बीटा टप्प्यात आहे. रोज वापरण्याजोगं आहे, पण अपडेट डोळे झाकून करायचं नाही.

या लेखात आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरायचे.

नाव: इथे घाई नको

सगळ्यात महाग चूक इथे होते आणि ती नंतर दुरुस्त करता येत नाही. गोटूसोशलच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'होस्ट' नावाची ओळ असते. सर्व्हर एकदा चालू होऊन बाहेरच्या सर्व्हरशी बोलला, की ती बदलायची नाही. तुमच्या प्रत्येक पोस्टचा आणि खात्याचा कायमचा पत्ता त्या होस्टवर बेतलेला असतो, आणि तो पत्ता शेकडो परक्या सर्व्हरांच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतो. होस्ट बदललं तर त्यांच्या लेखी तुम्ही नवा माणूस, आणि तुमच्या डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी वाऱ्यावर.

म्हणून 'टेस्ट' किंवा 'ट्रायल' अशा सबडोमेनवर प्रयोग करून मग खरं नाव लावू, हा विचार सोडा. प्रयोग करायचाच असेल तर वेगळं डोमेन, वेगळा डेटाबेस, आणि प्रयोग संपल्यावर दोन्ही कायमचे टाकून द्यायचे.

डोमेन घेताना पहिल्या वर्षाचा सवलतीचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा बघा. ९९ रुपयांत मिळालेलं डोमेन दुसऱ्या वर्षी कित्येक पटींनी महाग पडू शकतं. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं तर सूचनेचा मेलही पोचणार नाही.

डॉट भारत हे देवनागरी डोमेन मिळतं आणि मोह होतो, पण होस्टसाठी ते वापरू नका. आतून ते 'एक्सएन डॅश डॅश' ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमालेत बदलतं आणि सगळे सर्व्हर आणि अ‍ॅप्स ते सारख्याच पद्धतीने हाताळत नाहीत. देवनागरी डोमेन हवंच असेल तर ते घेऊन मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवा. खात्याचं नावही छोटी रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यातच बसतं. मराठी नाव दर्शनी नावात लिहायचं, तिथे काही अडचण नाही.

आता एक निवड. माझेनाव डॉट इन वर तुमची वेबसाइट आधीच आहे आणि सर्व्हर सोशल डॉट माझेनाव डॉट इन वर बसवायचा आहे, पण हँडल, म्हणजे लोक तुम्हाला ज्याने शोधतात तो 'नाव ॲट डोमेन' असा पत्ता, मात्र आखूड, मूळ डोमेनचं हवं. त्यासाठी 'अकाउंट डॅश डोमेन' ही ओळ आहे. होस्टमध्ये सबडोमेन, अकाउंट डोमेनमध्ये मूळ डोमेन. पण मग मूळ वेबसाइटने 'डॉट वेल नोन' खालच्या वेबफिंगर, होस्ट मेटा आणि नोडइन्फो या तीन पत्त्यांवर आलेली विनंती सबडोमेनकडे वळवायला हवी, आणि वळवताना प्रश्नचिन्हानंतरचा भाग जसाच्या तसा पुढे जायला हवा. हँडल कुठलं शोधायचं आहे ते त्या भागातच लिहिलेलं असतं. तो गळला की वळण दिसतं व्यवस्थित, पण खातं कुणालाच सापडत नाही. तुमची वेबसाइट असं वळण लावू देत नसेल तर हा हट्ट सोडा आणि होस्ट तेच हँडल ठेवा. हेही पहिल्यांदा चालू करण्याआधीच ठरवायचं.

सर्व्हर आणि डीएनएस

१ जीबी मेमरी, एक कोर, २५ जीबी डिस्क असलेला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, पुरतो. महिन्याला साधारण ४०० ते ६०० रुपये. त्यावर जीएसटी लागतो का ते बघा. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय घरी ठेवूनही हे चालतं, पण बऱ्याच घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, नसतो. कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच आयपीमागे बसवते, आणि मग राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. तपासायची सोपी रीत: राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी आणि 'माझा आयपी काय' म्हणून शोधल्यावर दिसणारा आयपी जुळत नसेल, किंवा वॅन आयपी १०० डॉट ६४ ते १०० डॉट १२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही त्या सामाईक आयपीमागे आहात. शिवाय वीज जाते. इतर सर्व्हर न पोचलेली पोस्ट काही काळ पुन्हा पुन्हा पाठवून बघतात, पण तालुक्याच्या गावी आठ तास वीज नसण्याचे दिवस असतील तर व्हीपीएसच बरा.

व्हीपीएसवर डेबियन या लिनक्सची चालू स्थिर आवृत्ती घ्या. सर्व्हरवर दुरून शिरायचं लॉगिन पासवर्डऐवजी एसएसएच चावीने ठेवा. फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढीच दारं उघडी ठेवा. गोटूसोशल ८०८० वर ऐकतं, ते बाहेर उघडायचं नाही. १ जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, करून ठेवा. परक्या सर्व्हरवरून आलेल्या व्हिडिओवर प्रक्रिया करताना मेमरी अचानक वर जाते, आणि स्वॅप नसेल तर लिनक्स नेमकं गोटूसोशललाच ठार करतं.

डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या आयपीवर आहे ते सांगणाऱ्या नोंदींमध्ये, व्हीपीएसच्या आयपीकडे बोट दाखवणारी 'ए' नोंद करा. सर्व्हरला चालता आयपीव्ही६ पत्ता असेल तरच 'क्वाड ए' नोंद करा. अर्धवट चालणारा आयपीव्ही६ फार छळतो: एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट तपासणीला आधी तिकडून येतं आणि तुमच्याच सर्व्हरला शोधत बसतं. डोमेन एखाद्या सीडीएनमागे, म्हणजे मध्यस्थ सर्व्हरांच्या जाळ्यामागे, ठेवलं असेल तर त्याची बॉट रोखणारी सोय बंद करा. तुमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे पाहुणे इथे खरोखरच यंत्रं आहेत, आणि 'तुम्ही माणूस आहात का' हे कोडं मॅस्टोडॉनचा सर्व्हर सोडवू शकत नाही.

बसवणी

आधी कॅडी बसवा. हा वेब सर्व्हर एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट स्वतःच आणतो आणि वेळेत नवं करतो. कॅडीफाइलमध्ये लिहायचं एवढंच: पहिल्या ओळीत होस्टचं नाव आणि महिरपी कंस, आत 'एनकोड झेडएसटीडी जीझिप', त्याखाली 'रिव्हर्स अंडरस्कोर प्रॉक्सी लोकलहोस्ट कोलन ८०८०', आणि त्याच्या आतल्या कंसात 'फ्लश अंडरस्कोर इंटरव्हल उणे १'. शेवटची ओळ चालू प्रवाहासाठी आहे. ती असली की अ‍ॅपमध्ये नवी उत्तरं अडकून न राहता लगेच उमटतात.

कॅडीऐवजी एनजिनएक्स हा वेब सर्व्हरच वापरायचा असेल तर दोन गोष्टी विसरू नका. होस्ट हेडर पुढे पाठवायचं, आणि 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' ४० एमबी करायची. तिचं मूळ मूल्य १ एमबी असतं, त्यामुळे शब्द जातात आणि फोटो ४१३ ची चूक देऊन अडतात.

सर्टिफिकेट मिळालं नाही तर सारखं रीस्टार्ट करत बसू नका. लेट्स एन्क्रिप्ट एका तासात एका नावासाठी पाचच फसलेले प्रयत्न खपवून घेतं. आधी डीएनएस पोचलं का आणि ८० चं दार उघडं आहे का ते पाहा, मग एकदाच प्रयत्न करा.

आता गोटूसोशल. 'गोटूसोशल' नावाचाच एक वापरकर्ता तयार करा आणि डिस्कच्या मूळ फोल्डरमध्ये (स्लॅशखाली) 'गोटूसोशल' फोल्डर, त्यात 'स्टोरेज' फोल्डर करा. प्रकल्पाच्या कोडबर्गवरच्या पानावरून शेवटची स्थिर आवृत्ती उतरवा. नेहमीच्या व्हीपीएसला एएमडी६४, रास्पबेरी पायला एआरएम६४. चुकीची घेतली तर 'एक्झेक फॉरमॅट एरर' एवढंच म्हणून गप्प बसतं. गाठोडं सोडल्यावर मुख्य फाइल, 'वेब' फोल्डर आणि 'एक्झाम्पल' फोल्डर मिळतात. एक्झाम्पलमधली कॉन्फिग फाइल मुख्य फोल्डरमध्ये आणा आणि सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीची सर्व्हिस फाइल 'ईटीसी' मधल्या सिस्टमडीच्या जागी. सर्व्हिस फाइलमधली 'वर्किंग डिरेक्टरी' बरोबर आहे का ते बघा. वेब फोल्डरचा रस्ता तिच्यापासून मोजला जातो. ती चुकली तर सर्व्हर टेम्प्लेट सापडत नाही म्हणून उठतच नाही.

कॉन्फिगमध्ये बदलायच्या ओळी थोड्याच आहेत, बाकीच्यांना हात लावू नका:

होस्ट: तुमचं डोमेन, आधी एचटीटीपीएस न लावता.
प्रोटोकॉल: एचटीटीपीएस. कॅडी आतल्या बाजूने साध्या एचटीटीपीवर बोलतं म्हणून इथेही एचटीटीपी लिहिण्याची चूक बरेच जण करतात. मग तुमच्या पोस्टचे कायमचे पत्तेच चुकीचे तयार होतात.
बाइंड ॲड्रेस: १२७.०.०.१
डीबी टाइप: एसक्यूलाइट. मूळ फाइलमध्ये पोस्टग्रेस असेल तर बदला.
डीबी ॲड्रेस: डेटाबेस फाइलचा पूर्ण रस्ता. ही फाइल नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवायची नाही, एसक्यूलाइटची कुलुपं तिथे भरवशाने लागत नाहीत.
स्टोरेज लोकल बेस पाथ: स्टोरेज फोल्डरचा पूर्ण रस्ता.
लेट्स एन्क्रिप्ट एनेबल्ड: फॉल्स, ते काम कॅडीकडे आहे.

कॉन्फिग फाइल यॅमल पद्धतीची असते, तिच्यात टॅब चालत नाही, मोकळ्या जागाच द्यायच्या. ईमेल पाठवण्याची सोय भरायची गरज नाही. एकट्या माणसाला पासवर्ड बदलायचा असला तर तो आज्ञेनेही बदलता येतो.

सर्व्हिस चालू करा आणि 'जर्नलसीटीएल डॅश यू गोटूसोशल डॅश एफ' लावून लॉग पाहत बसा. कमी ताकदीच्या सर्व्हरवर पहिली सुरुवात संथ असते, मधेच बंद करू नका.

मग खातं. गोटूसोशलच्या फाइलला कॉन्फिगचा रस्ता द्या, पुढे 'ॲडमिन अकाउंट क्रिएट', आणि युजरनेम, ईमेल, पासवर्ड. पासवर्ड एकेरी अवतरणात लिहा, नाहीतर त्यातल्या डॉलरच्या किंवा उद्गाराच्या चिन्हाचा शेल भलताच अर्थ लावतं. पासवर्डला ७२ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे मराठी वाक्याचा पासवर्ड करायचा तर काना-मात्रा धरून २४ चिन्हांच्या आत. मग 'ॲडमिन अकाउंट प्रमोट' चालवा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. रीस्टार्टशिवाय प्रशासकाचे अधिकार लागू होत नाहीत.

या सगळ्या आज्ञा 'सुडो डॅश यू गोटूसोशल' लावून, म्हणजे त्या वापरकर्त्याच्या नावाने चालवा. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवल्या तर डेटाबेसच्या शेजारी रूटच्या मालकीच्या फाइली तयार होऊ शकतात. त्यानंतर खातं तयार झालेलं दिसतं, पण सर्व्हर डेटाबेसमध्ये काही लिहायला गेला की लॉगमध्ये 'अटेम्प्ट टु राइट अ रीडओन्ली डेटाबेस' उमटतं. उपाय साधा: सर्व्हिस थांबवा, पूर्ण फोल्डरची मालकी 'चोन डॅश आर' ने गोटूसोशलकडे द्या, चालू करा.

पहिला दिवस

ब्राउझरमध्ये होस्टपुढे 'स्लॅश सेटिंग्ज' लिहून आत जा. दर्शनी नाव, फोटो आणि दोन ओळींची ओळख भरा. कोऱ्या, चेहरा नसलेल्या, अनोळखी डोमेनवरच्या खात्याला लोक स्पॅम समजतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. पोस्टची मूळ दृश्यता 'पब्लिक' आहे का ते बघा, तशी नसेल तर तुमचं लेखन हॅशटॅगमधून कुणाला सापडणार नाही. नवं खातं कुलूपबंद असतं, म्हणजे प्रत्येक फॉलो तुम्ही मंजूर करायचा. तसं नको असेल तर इथेच उघडा. आरएसएस फीड चालू करा. ज्यांचं कुठेच खातं नाही असे वाचकही मग तुमच्यापर्यंत येतात. पोस्टची भाषा मराठी ठेवा, कारण अनेक जण भाषेनुसार गाळून वाचतात. पोस्टला ५००० चिन्हांपर्यंत जागा असते, त्यामुळे जोडाक्षरं मोजत बसावं लागत नाही.

हॅशटॅगची एक चाचणी मात्र करा. 'पुरणपोळी' किंवा 'कोल्हापूर' असा उकार-वेलांट्या किंवा जोडाक्षर असलेला टॅग टाका आणि दुसऱ्या सर्व्हरवरून बघा. पूर्ण शब्द दुवा झाला पाहिजे. काही सॉफ्टवेअर मात्रेला अक्षर धरत नाही, आणि 'पुरणपोळी' चा टॅग 'प' पाशीच तुटतो. तुमच्या बाजूने तुटत असेल तर आवृत्ती जुनी आहे का पाहा.

आता बाहेरून तपासणी. मित्राला त्याच्या मॅस्टोडॉन खात्यावरून तुमचं पूर्ण हँडल शोधायला सांगा आणि तुम्ही लॉगकडे लक्ष ठेवा. क्रम असा दिसतो: आधी वेबफिंगरची विनंती येते, म्हणजे परका सर्व्हर विचारतो, या नावाचं कुणी इथे राहतं का. तुमचा सर्व्हर खात्याचा खरा पत्ता देतो. मग त्या पत्त्यावर दुसरी विनंती येते आणि तुमची सार्वजनिक चावी घेऊन जाते. पुढे तुमची प्रत्येक पोस्ट तुमच्या खासगी चावीने सही होऊन निघते आणि तो सर्व्हर ती सही या चावीने पडताळतो. पहिली विनंतीच आली नाही तर डीएनएस किंवा वळण चुकलंय. दोन्ही आल्या, पण पाठवलेल्या पोस्ट ४०१ म्हणून परत येतायत, तर घड्याळ बघा. सहीत वेळ असते आणि फार मागे-पुढे असलेली सही नाकारली जाते. 'टाइमडेटसीटीएल' ने वेळ जुळवणी चालू आहे का ते कळतं. टाइमझोन कुठलाही असला तरी फरक पडत नाही.

पहिले काही दिवस टाइमलाइन ओसाड वाटेल. बिघाड नाही तो. तुमच्या सर्व्हरला तुम्ही फॉलो केलेल्या माणसांचंच ऐकू येतं. जुन्या पोस्ट मागून येत नाहीत आणि कुठल्याही धाग्यातली सगळी उत्तरं दिसतीलच असं नाही. पन्नासेक माणसं मन लावून शोधा आणि फॉलो करा. एखाद्याचे अनुयायी पूर्ण दिसत नसतील तर त्याच्याच सर्व्हरवरचं पान उघडून बघा.

आधी मॅस्टोडॉनवर खातं असेल तर अनुयायी आणता येतात. नव्या खात्यात जुन्याचा पत्ता उपनाव (अलायस) म्हणून नोंदवा, मग जुन्या खात्यातून 'मूव्ह' करा. क्रम उलटा चालत नाही. पोस्ट मात्र जुन्याच जागी राहतात, त्या निर्यात करून जपून ठेवा.

डिस्क आणि बॅकअप

तुम्ही दिवसाला दोनच ओळी लिहीत असाल, तरी डिस्क भरते ती इतरांच्या फोटोंनी. परक्या सर्व्हरवरची चित्रं गोटूसोशल स्वतःकडे उतरवून ठेवतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे ७ दिवसांनी काढतं. २५ जीबीच्या डिस्कवर 'मीडिया रिमोट कॅश डेज' ३ करा. काढलेलं चित्र पुन्हा लागलं तर ते परत आणलं जातं, त्यामुळे काही हरवत नाही. डिस्क पूर्ण भरू देऊ नका, एसक्यूलाइटला लिहायला जागा उरली नाही की सगळं एकदम थांबतं.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी: डेटाबेस, कॉन्फिग फाइल आणि स्टोरेजमधले तुमचे स्वतःचे फोटो. 'ॲडमिन मीडिया लिस्ट अटॅचमेंट्स' ला 'लोकल ओन्ली' जोडलं की फक्त तुमच्या फाइलींची यादी मिळते, इतरांचे कित्येक जीबी वाहून न्यावे लागत नाहीत. चालू डेटाबेसची फाइल साध्या कॉपीने उचलू नका. ताजं लेखन काही वेळ शेजारच्या 'वॉल' फाइलमध्ये असतं आणि अर्धीमुर्धी प्रत हाती येते. एसक्यूलाइट३ ची 'डॉट बॅकअप' आज्ञा सर्व्हर चालू असतानाही पूर्ण, नीट प्रत काढते. ती रोज रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीने, चालवा आणि प्रत दुसऱ्या जागी पाठवा. त्याच व्हीपीएसवर ठेवलेल्या प्रतीला बॅकअप म्हणता येत नाही.

डेटाबेसवर इतका भर का, तर तुमची खासगी चावी त्यातच आहे. डेटाबेस गेला आणि त्याच डोमेनवर त्याच नावाने नवं खातं काढलं, तर चावी नवी येते. बाहेरच्या सर्व्हरांकडे जुनी जपलेली असते, सही जुळत नाही, आणि तुम्ही लिहिलेलं निमूटपणे फेकलं जातं. तुमच्या बाजूला मात्र सगळं ठीक दिसतं. महिन्यातून एकदा बॅकअपची प्रत आपल्या लॅपटॉपवर एसक्यूलाइट३ ने उघडा आणि शेवटची पोस्ट त्यात आहे का बघा. ती प्रत घेऊन दुसरा गोटूसोशल सर्व्हर मात्र चालू करू नका, तो तुमच्याच नावाने बाहेर बोलायला लागेल.

अपडेट करण्याआधी आवृत्तीच्या टिपा पूर्ण वाचा, बॅकअप घ्या, सर्व्हिस थांबवा, आणि मुख्य फाइलसोबत वेब फोल्डरही बदला. फक्त फाइल बदलली तर पानं मोडकी दिसतात. डेटाबेसचं स्थलांतर कधीकधी बराच वेळ चालतं. त्या वेळी लॉग थबकलेला वाटला तरी प्रक्रिया मारू नका. नव्या आवृत्तीवरून जुनीवर परतायचा रस्ता एकच, बॅकअप.

कधी हे सगळं बंद करावंसं वाटलं तर नुसता व्हीपीएस रद्द करू नका. आधी खातं हटवा आणि सर्व्हर आठवडाभर चालू ठेवा, म्हणजे 'हे खातं गेलं' असा निरोप सगळीकडे पोचतो. डोमेनही शक्य तितकी वर्षं हातात ठेवा. ते सोडल्यावर जो घेईल, तो त्याच हँडलने तुमच्या जुन्या वाचकांशी बोलू शकतो.